शाईची डबी निवडताना

छपाईचे यंत्र ही आता केवळ कचेरीतील वस्तू राहिलेली नाही. पांढुर्णा आणि सौंसर येथील अनेक मराठी घरांत ते मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी येऊन बसले आहे. परीक्षेचा अर्ज, शाळेचा प्रकल्प, शेताच्या खसऱ्याची प्रत अशी कामे त्यामुळे घरच्या घरी होतात. यंत्र विकत घेताना सारे कुटुंब विचार करते. परंतु शाई संपते ती नेमकी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी. मग कोणीतरी धावत दुकान गाठतो आणि समोर येईल ती डबी, म्हणजेच कार्ट्रिज, घेऊन येतो. या घाईत पैसा जातो, आणि कधी कधी महत्त्वाचा कागदही बिघडतो. यंत्र स्वस्तात विकून नफा शाईतून मिळवावयाचा, हा या धंद्याचा जुना रिवाज असल्यामुळे खरी निवड यंत्राच्या दुकानात नव्हे, तर शाईच्या दुकानात करावयाची असते.

पहिली गोष्ट क्रमांकाची. डबी एकाच कंपनीची आणि दिसावयास सारखी असली, तरी ती प्रत्येक यंत्रात चालतेच असे नाही. यंत्राचा नमुना आणि डबीचा क्रमांक कागदावर लिहून तो यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा. गावात हवा तो क्रमांक मिळाला नाही, तर नागपूरहून मागवावा लागतो. पांढुर्ण्याहून ते सुमारे शंभर किलोमीटर आहे. वेष्टन फोडलेली डबी दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून एवढा एक कागद पुष्कळ त्रास वाचवितो.

दुसरी गोष्ट यंत्राच्या घडणीची. शाई कागदावर फेकणारी सूक्ष्म छिद्रे काही यंत्रांत डबीलाच जोडलेली असतात, तर काहींत ती यंत्रात कायमची बसविलेली असतात. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेले डाग देण्याचे हत्यार शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागले आणि शाईचा थेंब उडाला. उष्णतेने शाई फेकण्याच्या तंत्राची तेथील सुरुवात अशी झाली. एप्सनच्या घरगुती यंत्रांत उष्णतेऐवजी विजेच्या दाबाने आकार बदलणारा स्फटिक हेच काम करतो. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते याचे, की छिद्रे डबीत असली म्हणजे नव्या डबीबरोबर ती नवी मिळतात, मात्र डबी महाग पडते. छिद्रे यंत्रात असली म्हणजे डबी साधी असते, पण निकृष्ट शाईने ती तुंबली तर भुर्दंड यंत्रावर पडतो.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट हिशेबाची. डबीची किंमत विचारू नये. एका पानाची किंमत विचारावी. समजा, एक डबी ७०० रुपयांची असून तीत १४० पाने निघतात, आणि दुसरी १२०० रुपयांची असून तीत ४०० पाने निघतात. पहिलीत पान ५ रुपयांस पडते, दुसरीत ३ रुपयांस. हातात स्वस्त वाटणारी डबीच येथे महाग ठरली. पानांची संख्या बहुधा वेष्टनावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असते. शाईच्या यंत्रांसाठी ती आयएसओ/आयईसी २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठराविक नमुना पाने छापून मोजली जाते. घरी चित्रे किंवा गडद पाने छापली, तर ती कमीच भरते. टाकीच्या यंत्रांत हा फरक फार मोठा असतो: एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटर काळ्या शाईच्या बाटलीवर कंपनी सुमारे ४५०० पाने सांगते. अर्थात टाकीचे यंत्र मुळात महाग असते. महिन्याला दहा पाने छापणाऱ्या घरास तो खर्च भरून येण्यास फार वर्षे लागतील. दीडशे पाने छापणाऱ्यास तो लवकर फिटेल.

मूळ कंपनीची डबी, दुसऱ्या उत्पादकाची जुळणारी डबी आणि पुन्हा भरलेली डबी, असे तीन पर्याय असतात. स्वस्त पर्याय वाईटच असतो, असे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की डबी एकदा विकल्यावर तिच्यावरील पेटंटचा हक्क उरत नाही. तथापि डबीवरील लहानशी चिप यंत्राशी बोलत असते, आणि काही यंत्रे परकी चिप स्वीकारीत नाहीत. म्हणून आपल्याच नमुन्याच्या यंत्रात ती चालते काय, आणि न चालल्यास परत घेणार काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

कागद किती काळ टिकावयास हवा, हेही पाहावे. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई चित्रास शोभते, पण ओली झाली की पसरते. बारीक कणांची, म्हणजे पिगमेंट शाई पाण्यास व उन्हास अधिक टिकते. पावसात पिशवीतून तहसील कचेरीत न्यावयाचा अर्ज विरघळणाऱ्या शाईने छापला, तर अर्जदाराचे नावच पुसले जाण्याचे भय असते. केवळ काळी पाने छापणाऱ्यांस लेसर यंत्राची कोरडी भुकटी सोयीची. एचपीच्या १२ए या टोनरमधून कंपनीच्या मते सुमारे २००० पाने निघतात, आणि भुकटी वाळत नाही.

शेवटी, नवी डबी घेण्यापूर्वी जुनी खरोखर संपली आहे काय, हे तपासावे. उन्हाळ्याच्या सुटीत आठवडेच्या आठवडे बंद राहिलेल्या यंत्रात छिद्रांतील शाई वाळते, आणि छपाई फिकी झाली की डबी रिकामी झाल्याचा भास होतो. यंत्रातील छिद्रतपासणीचे पान काढून एक-दोनदा सफाई द्यावी. वारंवार देऊ नये, कारण सफाईतही शाई खर्च होते. आठवड्यातून एक रंगीत पान छापावे, आणि यंत्र त्याच्याच कळीने बंद करावे, म्हणजे छिद्रांवर झाकण बसते. रिकामी डबी उकिरड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

महिन्याला किती पाने, कोणत्या कामाची आणि किती टिकावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे घरी ठरवून जो दुकानात जातो, त्याला विक्रेत्याच्या आग्रहाची किंवा रंगीत वेष्टनाची भूल पडत नाही. त्याच्या मुलाचा अर्जही वेळेवर, स्वच्छ अक्षरांत कचेरीत पोहोचतो.