ग्रॅफाइटचं गाव कोणतं?

टेस्लाची मॉडेल ३ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात तयार होते. तिच्या रिअर-व्हील-ड्राइव्ह आवृत्तीवर डिसेंबर २०२३ पर्यंत ७,५०० डॉलरची करसवलत होती. १ जानेवारी २०२४ पासून एक छदामही नाही. गाडी तीच, अडलं ते बॅटरीपाशी. आतले सेल चीनच्या सीएटीएल कंपनीचे होते.

ऑगस्ट २०२२ च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ने ही सवलत दोन भागांत विभागली होती. ३,७५० डॉलर खनिजांसाठी: बॅटरीतल्या खनिजांच्या किमतीचा ठरावीक हिस्सा (२०२३ मध्ये ४० टक्के, वाढत वाढत २०२७ मध्ये ८०) अमेरिकेतून किंवा तिच्याशी मुक्त व्यापार करार असलेल्या देशांतून यायला हवा. तेवढेच डॉलर उत्तर अमेरिकेत बनलेल्या सुट्या भागांसाठी. म्हणून चिलीचं लिथियम चालायचं, इंडोनेशियाचं निकेल नाही. शिवाय चीन सरकारच्या वर्चस्वाखालच्या कंपनीचे भाग २०२४ पासून आणि खनिजं २०२५ पासून वापरली, तर सगळीच सवलत गेली.

कायद्याला खरा घाम फोडला तो ग्रॅफाइटने. बॅटरीचा ॲनोड याच काळ्या भुकटीचा. वजनात ती लिथियमच्या कितीतरी पट. खाणीतल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचे सूक्ष्म गोळे करतात, आम्लाने शुद्ध करतात, वर कार्बनचा लेप देतात. कृत्रिम ग्रॅफाइटसाठी पेट्रोलियम कोक ३,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा लागतो. ही कामं मुख्यतः चीनमध्येच होतात, आणि वाटेत ठिकठिकाणचा माल एकत्र होतो. सेलवर अनुक्रमांक टाकता येतो, भुकटीच्या कणावर कसा टाकणार? अखेर मे २०२४ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने ग्रॅफाइटला ‘माग काढणं अव्यवहार्य’ अशा पदार्थांत घातलं आणि २०२६ अखेरपर्यंत मोकळीक दिली. टीका झाली, पण मला तो शहाणपणाच वाटतो.

पळवाटही होतीच. भाड्याने दिलेली गाडी व्यावसायिक वाहनांच्या कलमात बसायची, आणि तिथे बॅटरीचं कूळ कोणी विचारत नव्हतं! सवलत भाड्याने देणाऱ्या कंपनीला मिळायची. कंपनी भाडं कमी करून ती ग्राहकापर्यंत पोहोचवायची.

४ जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने दोन्ही कलमं गुंडाळली. ३० सप्टेंबरनंतर घेतलेल्या गाडीवर काहीच नाही. बॅटरी बनवणाऱ्या कारखान्यांची उत्पादन-सवलत मात्र टिकली, आणि चिनी मालाचा हिशेब आता तिथे द्यावा लागतो.