खुर्ची वर्षभराची

चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मॉडरेटरचं पद मराठी वाचकाला पटकन समजावून द्यायचं तर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाकडे बोट दाखवावं. मान मोठा, मुदत वर्षाची, हातात सत्ता जवळपास शून्य. मॉडरेटरचंही तसंच आहे. आपल्याकडे मात्र या मानासाठी वर्षानुवर्षं मतांची जुळवाजुळव चालायची. २०१९च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची बिनविरोध निवड झाली, तेव्हा कुठे ती थांबली. स्कॉटलंडमध्ये पदासाठी कुणी उघडपणे उभंच राहत नाही. दुसऱ्यांनी नाव सुचवायचं, समितीने पारखायचं.

या समितीत परंपरेने माजी मॉडरेटर आणि प्रेस्बिटऱ्यांचे, म्हणजे स्थानिक मंडळ्यांच्या विभागीय सभांचे, प्रतिनिधी असतात. साधारण ऑक्टोबरात नाव जाहीर होतं आणि तो माणूस मेपर्यंत ‘नियोजित मॉडरेटर’ म्हणून वावरतो. मे महिन्यात एडिंबरामधल्या ‘द माउंड’ या चढावरच्या सभागृहात चर्चची महासभा, जनरल असेंब्ली, भरते. तिथे समितीचं नाव मांडलं जातं, सभा होकार देते आणि मावळता मॉडरेटर जागा सोडतो. मधल्या काही महिन्यांत काही घडलंच तर योजना बदलतेही. २०१४साठी अँगस मॉरिसन ठरले होते. प्रकृतीमुळे त्यांनी माघार घेतली, जॉन चाल्मर्स आले आणि मॉरिसनना पुढच्या वर्षी पद मिळालं.

पद इतकं आखूड का, याचं उत्तर सोळाव्या शतकात आहे. या चर्चला बिशप नको होते आणि चर्चचा प्रमुख म्हणून राजाही नको होता. १५९६मध्ये अँड्र्यू मेलव्हिल या पाळकाने सहाव्या जेम्स राजाला तोंडावर सुनावलं की, ख्रिस्ताच्या राज्यात तुम्ही राजे नाही, नुसते एक सभासद आहात. ती ताठ मान अजून शाबूत आहे. राजाचा प्रतिनिधी आजही महासभेला येतो, पण ज्या गॅलरीत तो बसतो ती रीतसर सभागृहाबाहेरची समजली जाते. पाहुणा आहात, बसा!

मॉडरेटर सभा चालवतो, प्रार्थना करतो, वर्षभर देशविदेशात फिरतो. धोरण महासभा ठरवते, कारभार प्रिन्सिपल क्लार्क आणि समित्या पाहतात. पोशाखाचा थाट मात्र होता: लेसच्या झालरी, गुडघ्यापर्यंतची विजार, बकलांचे बूट. अलीकडे बरेच जण तो टाळतात, आणि मला ते बरंच वाटतं. पद असेपर्यंत पाळकाच्या नावामागे ‘राइट रेव्हरंड’ लागतं, उतरल्यावर ‘व्हेरी रेव्हरंड’.

मॉडरेटर पाळकच हवा, ही समजूत २००४मध्ये मोडली. ॲलिसन एलियट निवडून आल्या. त्या पहिल्या महिला मॉडरेटर, आणि पाळक नव्हत्या, मंडळीतल्या ‘वडील’ (एल्डर) होत्या. त्यांच्याआधीचा पाळक नसलेला मॉडरेटर म्हणजे १५६७चा विद्वान जॉर्ज ब्यूकॅनन. मधे सव्वाचारशेहून अधिक वर्षं गेली. २०२१मध्ये आलेले जिम वॉलेसही वडीलच, आणि माजी राजकारणी.

या खुर्चीने एकदा मोठा भूकंपही पाहिला. १८ मे १८४३ रोजी मावळते मॉडरेटर डेव्हिड वेल्श यांनी महासभेत निषेधपत्र वाचलं आणि ते सभागृहाबाहेर चालू लागले. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांना की मंडळीला, हा वाद विकोपाला गेला होता. त्यांच्यामागून शेकडो जण गेले, वेगळं फ्री चर्च उभं राहिलं आणि त्याचे पहिले मॉडरेटर थॉमस चाल्मर्स झाले. घर आणि पगार सोडून निघालेल्या या पाळकांपुढे बिनसत्तेच्या पदाचा प्रश्न गौण होता, तरी मॉडरेटर नेमण्याची रीत त्यांनी तशीच उचलली.

भारतात काम करणारे स्कॉटिश मिशनरीही त्या वेळी फ्री चर्चकडे गेले. त्यांत १८२९पासून मुंबईत असलेले जॉन विल्सन होते. मराठी शिकलेले, गिरनारच्या शिलालेखांत रस घेणारे, शाळा काढणारे. १८७०मध्ये फ्री चर्चने त्यांना मॉडरेटर केलं. पुढे ते मुंबईलाच परतले आणि १८७५मध्ये तिथेच वारले. आज विल्सन कॉलेज त्यांच्या नावाने उभं आहे.

नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी काही प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात स्कॉटिश परंपरेच्या मंडळ्याही होत्या. इथेही प्रमुखाला मॉडरेटरच म्हणतात. पण तो बिशपांमधून निवडला जातो.