गोल अडवणारा थुराम

फुटबॉलात आपण गोल करणाऱ्याचे नाव घेतो. गोल अडवणारा बचावपटू ध्यानातच राहत नाही. चुकला, की मात्र सगळे त्याला बोल लावतात!

फ्रान्सचा लिलियाँ थुराम असाच बचावपटू. जन्म १९७२ चा, ग्वादलूप बेटावरचा. आईने साफसफाईची कामे करून मुलांना वाढवले.

१९९८ साली विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाशी गाठ पडली. सोबती पुढे सरकले, थुराम मागे राहिला. तो मागे नसता, तर शुकरचा गोल पंचांनी धरलाच नसता. आता काय? मिनिटभरात थुरामने स्वतः गोल केला! मग आणखी एक. फ्रान्स २-१ ने जिंकला; पुढे विश्वचषकही मिळवला.

देशासाठी थुराम १४२ सामने खेळला. त्यात त्याचे गोल एवढे दोनच. २००८ साली त्याच्या हृदयात दोष आढळला, अन् त्याने खेळ सोडला.