खाड्यांच्या हिशेबाने कोकण

मांडव्याहून मालवणपर्यंत किनाऱ्याने जायचे, तर किलोमीटर मोजून भागत नाही. खाड्या मोजाव्या लागतात. मुंबई-गोवा महामार्ग आतून धावतो. समुद्राच्या कडेचा सागरी मार्ग मात्र अरुंद, वळणांचा, आणि खाडी आली की फेरीबोटीची वाट पाहायला लावणारा.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जाण्याची रो-रो सेवा 2020 पासून आहे. पुढे आगरदांडा-दिघी, सावित्रीच्या मुखाजवळ बागमांडला-वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ-जयगड. या फेऱ्यांमुळे मोठे वळसे वाचतात. पण बोटीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि शेवटच्या फेरीवर बेत बेतू नये.

चार-पाच दिवस तरी हवेत. पहिला मुक्काम मुरुड किंवा श्रीवर्धनला, दुसरा दापोलीच्या किनाऱ्यावर. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव चुकवू नये: टोपल्या, बोली, बर्फ, गाड्या, सगळा गजबजाट वाळूवरच. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे झेपावताना दिसू शकतात. त्यासाठी एक मुक्काम वाढला तरी चालेल. पुढे गुहागर, गणपतिपुळे, विजयदुर्ग.

पावसाळ्यात जंजिरा आणि सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

वाळूत गाडी मात्र उतरवू नका. भरती आली की ती रुतते, आणि कासवांची घरटीही त्याच वाळूत असतात.