घर घेण्याआधीचे एकवीस लाख

मुंबईतला भाडेकरू स्वतःचं घर घ्यायला निघाला, की कर्जाचा हप्ता सुरू होण्याच्या कितीतरी आधीच अडतो, कारण हाताशी एकरकमी पैसा नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, ३० ते ७५ लाखांपर्यंतचं ८० टक्के आणि त्यावरचं ७५ टक्के.

८० लाखांचा जुना फ्लॅट धरू. कर्ज फार तर ६४ लाख. उरलेले १६ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार. नोंदणीचे आणखी ३० हजार. कर्जाची मर्यादा काढताना हे दोन्ही खर्च किमतीत धरत नाहीत, तेव्हा तेही खिशातूनच. (खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट मिळते.) एकूण २१ लाख १० हजार. दरमहा २५ हजार बाजूला टाकले, तरी जमायला सात वर्षं लागतात, आणि तोवर घरांचे भाव थांबून राहत नाहीत.

ही सात वर्षं बहुतेकांची अकरा-अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारांवर जातात. घर बदललं की पुन्हा दलाली, पुन्हा सामानाचा टेम्पो. मुदत उलटूनही जागा सोडली नाही, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे दुप्पट भाडं द्यावं लागतं. त्याच कायद्यातली दुसरी तरतूद मात्र प्रत्येक भाडेकरूला माहीत असायलाच हवी: करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.