तैलपिचू, निरोध आणि शुष्कता : रुग्णपत्रकात राहून गेलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात चौतीस वर्षे वयाची एक रुग्णा आली. दुसऱ्या प्रसूतीला दहा महिने झाले होते, मूल अंगावर पीत होते आणि पाळी नुकतीच सुरू झाली होती. कंबरदुखी, मलावष्टंभ, निद्रानाश अशा तक्रारी तिने क्रमाने सांगितल्या. मूळ तक्रार मात्र उठून दाराशी गेल्यावर एका वाक्यात बाहेर पडली : ‘जवळ येताना फार आग होते.’ परीक्षणात योनिमुखी रूक्षता स्पष्ट होती. आम्ही वातप्रकोपाचे निदान करून सात रात्री तिळतेलाचा पिचू सांगितला आणि समागमसमयी तेच तेल थोडे लावावे, असेही सुचविले. उपशय उत्तम मिळाला. दोन महिन्यांनी रुग्णा परत आली ती पाळी चुकली म्हणून. पतीराज निरोध वापरीत होते, आणि त्या काळात तो दोनदा फाटला होता. कुटुंबनियोजनाचे कोणते साधन वापरता, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

ही चूक आमची एकट्याची असती तर ती येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु वैद्यमित्रांशी बोलताना असे दिसून आले की तिळतेल, खोबरेल अथवा घृत सुचविणारे पुष्कळ आहेत आणि निरोधाची चौकशी करणारे थोडे.

निरोध बहुधा लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून बनविलेला असतो. तेल रबरात शिरते, रबर फुगते आणि ताण सहन करण्याची त्याची शक्ती जाते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खनिज तेलाशी केवळ ६० सेकंद संपर्क आल्यावर निरोधाची फुटण्यास प्रतिकार करण्याची शक्ती सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. डोळ्यांना हा फरक दिसत नाही; निरोध पूर्वीसारखाच भासतो. वनस्पतिज तेले, तूप, लोणी, पेट्रोलियम जेली, मालिशची तेले, थंडीत लावायची मलमे ही सर्व याच वर्गात मोडतात. तेल शुद्ध आहे, घाण्याचे आहे, औषधी सिद्ध आहे, याने रबराला काही फरक पडत नाही. आधुनिक योनिमार्गी मलमांपैकीही काहींचा आधार तैलीय असतो आणि त्यांच्या वेष्टनावर निरोधाविषयी इशारा छापलेला असतो. आपल्या सिद्ध तैलांच्या बाटल्यांवर असा इशारा आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही.

अर्थात तैलपिचू वर्ज्य करावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात ज्या वीस योनिव्यापदा वर्णिल्या आहेत, त्यांत शुष्का ही एक आहे, आणि तिचा हेतू व्यवायकाळी वेगधारण असा दिला आहे. चाळीतील सामायिक शौचालय, रात्रीची भीती, एका खोलीत निजलेले सारे कुटुंब, या परिस्थितीत लघवी दाबून ठेवणाऱ्या स्त्रिया आपण नित्य पाहतो. हा हेतू आम्हाला आजही पटतो. त्याला प्रसूत्युत्तर काळ आणि रजोनिवृत्ती यांची जोड द्यावी लागते, कारण दोन्ही अवस्थांत इस्ट्रोजेन घटते आणि योनीची आतील त्वचा पातळ व कोरडी होते. स्तनाच्या कर्करोगावरील काही औषधे, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या आणि नैराश्यावरील काही औषधे हीदेखील कारणे असू शकतात. म्हणून रुग्णेची औषधांची पिशवी पाहिल्याशिवाय वातप्रकोप लिहून मोकळे होऊ नये.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे वाटते. पिचू ही स्नेहनचिकित्सा आहे. ती नियमाने, काही दिवस, समागमाशी संबंध न ठेवता करावयाची असते आणि तिचा लाभ हळूहळू मिळतो. समागमसमयी घर्षण कमी करणारा पदार्थ ही निराळी वस्तू आहे; तिने त्या वेळेपुरते काम करावे आणि धुतले जावे. (मराठीत तिला ‘वंगण’ म्हणावे तर सायकलची साखळी डोळ्यांपुढे येते, म्हणून ‘लुब्रिकंट’ हाच शब्द आम्ही ठेवतो.) आपण एकाच तेलाकडून दोन्ही कामे करवून घेतो आणि तेथेच घोटाळा होतो. निरोध वापरणाऱ्या दांपत्याला तैलपिचू द्यावयाचा असेल तर त्या दिवसांत लॅटेक्सच्या निरोधावर भरवसा ठेवू नये, एवढे स्पष्ट सांगावे. संयम, तांबी किंवा तज्ज्ञाच्या सल्ल्याने अन्य साधन, यांपैकी काय जमते ते त्यांच्याशीच बोलून ठरवावे. पॉलियुरेथेन किंवा नायट्राइलच्या निरोधाला तेलाचा उपद्रव होत नाही, परंतु ते आपल्याकडील फार थोड्या दुकानांत मिळतात.

समागमसमयी निरोधासोबत वापरण्यास दोनच जाती सुरक्षित : पाण्याच्या आधाराच्या जेली आणि सिलिकॉनच्या. सिलिकॉनची जेली अधिक काळ टिकते, पण महाग असते आणि धुण्यास साबण लागतो. पाण्याची जेली लवकर सुकते; अशा वेळी आणखी जेली न ओतता पाण्याचे दोन थेंब लावले तरी ती पुन्हा ओलसर होते, ही युक्ती ग्राहकाला कोणी सांगत नाही. जेली निरोधाच्या बाहेरून लावावी. आतून जास्त लावल्यास निरोध निसटतो.

सगळ्या पाणीयुक्त जेली मात्र सारख्या नव्हेत. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्या जेलीत ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकॉल भरपूर असते ती योनीच्या पेशींतील पाणी असेच ओढून घेते. प्रथम गुळगुळीत वाटते, पुढे आग होते. या गुणाच्या मापाला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. योनिस्रावाची ऑस्मोलॅलिटी सुमारे २६० ते २९० मिलिऑस्मोल प्रतिकिलो असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली काढलेल्या सूचनापत्रात जेलीसाठी ती शक्यतो ३८० पर्यंत आणि कोणत्याही परिस्थितीत १२०० हून अधिक नसावी, तसेच पीएच सुमारे ४.५ असावा, असे म्हटले आहे. बाटलीवर हा आकडा क्वचितच छापतात. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंनी निदान घटकांची यादी वाचावी : पाण्यापाठोपाठ ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल असेल तर ती जेली शुष्कतेच्या रुग्णेला देऊ नये. ‘उष्णता देणाऱ्या’, मेन्थॉलच्या अथवा फळांच्या चवीच्या जेलीही अशा रुग्णेसाठी नव्हेत. शुक्रजंतुनाशक नोनॉक्सिनॉल-९ असलेली जेली त्वचेला क्षोभ करते. अपत्यप्राप्तीसाठी प्रयत्न करणाऱ्या दांपत्याला तर साध्या जेलीबद्दलही सावध करावे, कारण बऱ्याच जेलींनी शुक्रजंतूंची गती मंदावते. लाळेनेही तेच होते.

आता आपल्याच फळीवरील मालाविषयी थोडे कटू बोलणे भाग आहे. तुरटी व मायफळ घातलेली ‘योनिसंकोचक’ चूर्णे आणि जेली दुकानांत मोठ्या खपाने विकल्या जातात. कषाय रस स्तंभन व शोषण करतो, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. ज्या स्त्रीला आधीच कोरडेपणा आहे तिला हे द्रव्य देणे म्हणजे व्याधी वाढविणे होय. नित्य त्रिफळा क्वाथाने योनिधावन करण्याचा सल्लाही असाच विचार न करता दिला जातो. जात्यादि तैल स्निग्ध आहे म्हणून समागमसमयी लावण्यास सांगणारे आम्ही पाहिले आहेत. त्यात तुत्थ असते आणि ते व्रणासाठी आहे, हे विसरून चालणार नाही. कुंडीतील कोरफड चिरून गर लावणाऱ्या स्त्रियाही येतात. सालीलगतचा पिवळा चीक दाह करतो, आणि उघडा गर निर्जंतुक नसतो.

दुखते म्हणून बधिरता आणणारी लिग्नोकेन जेली मागणारा पुरुष दुकानात आला तर ती मुकाट्याने देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. वेदना हे लक्षण आहे. ते झाकले की इजा झालेली कळत नाही. अशा गृहस्थाला बहुधा जेलीपेक्षा एका गोष्टीची अधिक गरज असते : घाई न करण्याची. प्रहर्षिणी स्त्रीला श्रेष्ठ वाजीकरण म्हणणारे चरकाचार्य आपण पुरुषाच्या औषधासाठी उद्धृत करतो, परंतु तिच्या प्रहर्षाला वेळ लागतो हे सांगण्याचा संकोच बाळगतो. पती सोबत आला असेल तर हे आम्ही त्याला समोर बसवूनच सांगतो. बरेचदा पुढील भेटीत जेलीचा विषयच निघत नाही.

त्या रुग्णेने तिसरे मूल ठेवावयाचे नाही असे ठरविले आणि आम्ही तिला मान्यताप्राप्त केंद्राकडे पाठविले. निरोध फाटल्यावर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, घ्यावयाची गोळी औषधाच्या दुकानात मिळते, हे तिला ठाऊक नव्हते आणि आम्हीही सांगितलेले नव्हते. तेव्हापासून आमच्या रुग्णपत्रकात ‘आर्तव’ या रकान्याखाली ‘साधन’ असा रकाना आहे, आणि पिचूचे तेल देताना बाटलीवर आम्ही हाताने लिहितो : ‘निरोधासोबत वापरू नये.’ रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव, दुर्गंधियुक्त स्राव, व्रण अथवा पांढरे चट्टे असतील तर तेलाची बाटली हाती न घेता स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी लिहितो.