वाट चुकलेले दोन ग्रह : १७८१ ते १९१५

१३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडमधल्या बाथ शहरात विल्यम हर्शेल यांना स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून एक फिकट बिंब दिसले. आधी तो धूमकेतू वाटला. कक्षेचे गणित झाल्यावर तो शनीपलीकडचा ग्रह ठरला. जग त्याला युरेनस म्हणते, आपली पंचांगे हर्षल. शनी ही सूर्यमालेची शीव आहे, ही हजारो वर्षांची समजूत या शोधाने मोडली. पण या ग्रहाची खरी देणगी मला वेगळीच वाटते. त्याच्यामुळे गुरुत्वाकर्षणाच्या नियमाची कसून परीक्षा सुरू झाली आणि १३४ वर्षांनी, १९१५ साली, ती बर्लिनमध्ये एका नव्या सिद्धांतापाशी येऊन पोहोचली. या काळाकडे आज मुद्दाम मागे वळून पाहायला हवे.

न्यूटन यांनी १६८७ साली मांडलेला नियम मोजक्या शब्दांत सांगता येतो. प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला ओढते. वस्तुमान जास्त तर ओढ जास्त, आणि अंतर दुप्पट झाले की ओढ एक चतुर्थांश. सूर्यमालेतले ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे, म्हणून सत्ता त्याची. ग्रह सतत सूर्याकडे पडत असतो, पण आडव्या वेगामुळे पडता पडता पुढे निघून जातो. हे न संपणारे पडणे म्हणजेच प्रदक्षिणा. मात्र ग्रह एकमेकांनाही ओढतात. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट; त्याची ओढ शेजाऱ्यांच्या कक्षेत उमटल्याशिवाय राहत नाही. ग्रहांची कोष्टके तयार करणाऱ्याला अशा प्रत्येक ओढीचा हिशेब मांडावा लागतो.

युरेनसचा हिशेब जुळेना. हर्शेल यांच्या आधीही तो काहींना दिसला होता. जॉन फ्लॅमस्टीड यांनी तर १६९० साली तारा समजून त्याची नोंद केली होती. पॅरिसच्या अलेक्सी बूव्हार यांनी १८२१ साली कोष्टके केली, तेव्हा जुन्या आणि नव्या नोंदी एकाच कक्षेत बसेनात. त्यांनी जुन्या नोंदी बाजूला ठेवल्या. थोड्याच वर्षांत नव्या नोंदीही कोष्टकाला सोडून जाऊ लागल्या. १८४५ च्या सुमारास फरक जवळजवळ दोन कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) झाला, म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण पंधराव्या हिश्शाइतका. नुसत्या डोळ्यांना तो कळणार नाही. विकलांमध्ये, म्हणजे कलेच्या साठाव्या भागांत, मोजणाऱ्या ज्योतिर्विदांना मात्र तो डाचत होता.

उत्तराच्या वाटा दोन होत्या. इतक्या दूर न्यूटनचा नियमच थोडा बदलत असेल, अशी शंका ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी यांना होती. दुसरी वाट म्हणजे पलीकडे न दिसलेला एखादा ग्रह असणे. केंब्रिजचे तरुण गणिती जॉन अ‍ॅडम्स आणि पॅरिसचे उर्बां ले व्हेरिए यांनी एकमेकांना न कळवता ही दुसरी वाट धरली. गणित उलटे होते. ग्रह ठाऊक असेल तर त्याची ओढ काढता येते. इथे ओढीवरून ग्रह काढायचा होता. आज आपल्याला कळते की, १८२१-२२ च्या आसपास युरेनसने या अनोळखी ग्रहाला मागे टाकले. त्याआधी तो ग्रह पुढे होता, म्हणून युरेनस अपेक्षेपेक्षा जलद चालत होता. नंतर तो मागे राहिला आणि युरेनसला मागे खेचू लागला. ही चढउतार नोंदींत लपलेली होती, ती या दोघांनी गणिताने बाहेर काढली.

अ‍ॅडम्स यांचे उत्तर १८४५ च्या शरदात एअरींकडे पोहोचले, पण शोध वेळेवर सुरू झाला नाही. पुढच्या वर्षी केंब्रिजच्या जेम्स चॅलिस यांनी शोध घेतला. ऑगस्टमध्ये तो ग्रह त्यांच्या नोंदीतही आला, पण ओळखू आला नाही. ले व्हेरिए यांनी बर्लिन वेधशाळेच्या योहान गाले यांना पत्र लिहिले. ते २३ सप्टेंबर १८४६ रोजी मिळाले आणि त्याच रात्री गाले व त्यांचे तरुण सहकारी हाइनरिख डारेस्ट यांनी दुर्बीण लावली. नुकत्याच छापलेल्या तारकानकाशाशी एकेक तारा पडताळताना तासाभरात नकाशात नसलेला एक बिंदू सापडला. सांगितलेल्या जागेपासून तो एक अंशाहूनही कमी अंतरावर होता. दोघा गणितींचा अंतराचा अंदाज चुकला होता. हा नवा ग्रह, म्हणजे नेपच्यून, त्यांच्या आकड्यापेक्षा सूर्याला बराच जवळ निघाला. दिशा मात्र अचूक होती, आणि ग्रह सापडायला दिशाच लागते. न्यूटनचा नियम अधिक भक्कम झाला.

आता बुध. त्याची कक्षा चांगलीच लांबट आहे: सूर्यापासून कधी ४.६ कोटी किलोमीटर, कधी ७ कोटी. कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू स्थिर राहत नाही, हळूहळू पुढे सरकतो. आजच्या मोजणीनुसार शतकात ५७४ विकला. यातल्या ५३१ विकला शुक्र, गुरू, पृथ्वी आणि इतर ग्रहांच्या ओढीने पडतात. उरतात ४३. या उरलेल्या विकलांचा एक अंश व्हायला आठ हजारांहून अधिक वर्षे लागतील. १८५९ साली ही तफावत दाखवणारे गणितीही ले व्हेरिएच होते. त्यांचा आकडा ३८ होता. सायमन न्यूकम यांनी १८८२ साली तो ४३ वर आणला.

नेपच्यूनच्या वेळी यश दिलेली वाटच ले व्हेरिए यांनी पुन्हा धरली: बुधाच्या आत आणखी एक ग्रह असावा. एका फ्रेंच गावातल्या लेस्कार्बो नावाच्या डॉक्टरांनी सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका पाहिल्याचे कळवले. ले व्हेरिए स्वतः त्यांना भेटून आले आणि व्हल्कन या ग्रहाची घोषणा झाली. पुढची पन्नास वर्षे खग्रास ग्रहणांत त्याचा शोध चालला. १८७८ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात दोघांनी तो पाहिल्याचा दावा केला, पण तो टिकला नाही. आसाफ हॉल यांनी १८९४ साली दुसरी वाट सुचवली: नियमातला अंतराचा घातांक २ ऐवजी २.००००००१६ धरावा. बुधाचे गणित जुळले, पण चंद्राची गती तो आकडा मानेना.

१८ नोव्हेंबर १९१५ रोजी आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी प्रशियन अकादमीपुढे बुधाचे गणित ठेवले. त्यांच्या सिद्धांतात वस्तुमानामुळे भोवतीचे अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात, आणि ग्रह त्या वाकलेल्या अवकाश-काळातून जमेल तितक्या सरळ वाटेने जातो. सूर्यापासून दूर हा हिशेब आणि न्यूटनचा हिशेब जवळजवळ एकच येतो. सूर्याजवळ फरक उघड होतो. बुधासाठी तो फरक शतकात ४३ विकला निघाला. कोणताही आकडा सोयीने बदलावा लागला नाही, नवा ग्रह मानावा लागला नाही. आइन्स्टाइन कित्येक दिवस आनंदाने भारावून गेले होते, आणि ते गणित समजून घेताना आजही तो आनंद आपल्यापर्यंत पोहोचतो.

तिसरी शक्यता कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. नेपच्यून सापडल्यावरही युरेनसच्या हिशेबात थोडी तफावत दिसत राहिली आणि आणखी एका मोठ्या ग्रहाचा शोध सुरू झाला. त्या शोधात १९३० साली प्लूटो सापडला, पण तो फारच हलका निघाला. व्हॉयेजर-२ यान १९८९ साली नेपच्यूनजवळून गेले, तेव्हा त्याचे वस्तुमान नीट मोजता आले. मायल्स स्टँडिश यांनी १९९३ साली तो आकडा घालून पुन्हा हिशेब केला आणि तफावत गेली. ग्रहही नव्हता, नियमही चुकला नव्हता. जुने मोजमाप कमी पडले होते.

हिशेब जुळत नाही तेव्हा न दिसलेली वस्तू असू शकते, नियम अपुरा असू शकतो किंवा मोजमाप चुकलेले असू शकते. तिन्हींपैकी खरे कोणते, हे आधीच्या यशावरून ठरत नाही. ते दर वेळी आकाशालाच विचारावे लागते. आकाशगंगांच्या बाहेरच्या भागातले तारे अपेक्षेपेक्षा वेगाने का फिरतात, हा आजचा प्रश्नही त्याच जातीचा आहे. शाळेत सूर्यमाला शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणूनच माझी विनंती आहे: ग्रहांची नावे आणि अंतरे पाठ करून घ्या, पण त्याबरोबर मुलांना युरेनसच्या दोन कला आणि बुधाच्या ४३ विकलाही सांगा.